रोम, साडेतीन वर्षांचा धाकटा आणि माळकरी सासूबाई : कसं जमवावं?

केतकीबन

मंडळी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रोमला जायचं नक्की झालंय. नवऱ्याचं मिलानला ऑफिसचं काम आहे, ते उरकून तो आम्हाला रोममध्ये भेटणार. आम्ही म्हणजे मी, सात वर्षांची लेक (आता तिसरीत जाईल), साडेतीन वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. सासूबाई माळकरी आहेत. मांस-मासे सोडाच, अंडंही चालत नाही.

घरात आणि मैत्रिणींकडून एकच ऐकतेय, "एवढ्या लहान पोरांना पडक्या भिंती काय दाखवणार? त्यापेक्षा पॅरिसच्या डिस्नेलँडला न्या." मला ते पटत नाही. दोन हजारांहून जास्त वर्षं माणसं सलग राहत आलीत असं गाव मुलांनी बघावं, त्या रस्त्यांवरून चालावं असं मनापासून वाटतं. पण धाकटा रांगेत दहा मिनिटांच्या वर टिकत नाही, आणि त्याची दुपारची झोप हुकली की सगळ्यांचीच संध्याकाळ जाते.

कोलोसियम आणि व्हॅटिकन आतून बघावं की बाहेरूनच? स्ट्रोलर न्यावा का? सासूबाईंच्या जेवणाचं काय करावं? आणि मुलांना त्या दगडांत रस वाटावा म्हणून निघण्याआधी घरी काय करता येईल? हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यांत मोठा आहे.

घाटावरचा

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. पोरं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत थांबा. साडेतीन वर्षांच्या मुलाला यातलं काहीही आठवणार नाही. पाच जणांचं विमानभाडं, हॉटेल, व्हिसा, सगळा खर्च करून आई दिवसभर "पळू नको, हात धर" एवढंच म्हणत फिरणार. रोम कुठे पळून जात नाही.

समई

@घाटावरचा, आठवणार नाही म्हणून न्यायचं नाही, हा हिशोब मला कधीच कळला नाही. मग तीन वर्षांच्या मुलाला गोष्टी तरी कशाला सांगायच्या? आजोळी तरी कशाला न्यायचं? आठवण राहो न राहो, त्या दिवशी त्याने जे पाहिलं ते पाहिलंच ना.

केतकीबन, जरूर जा. फक्त दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवा आणि तीही सकाळी. बाकी दिवस मुलांच्या चालीने जाऊ दे.

चहाबाज

वाचतोय. आमचंही पुढच्या वर्षी चाललंय.

तिबेरकाठी

धागा बघून राहवलं नाही. मी रोममध्ये राहते, माझी दोन्ही मुलं इथेच वाढताहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, हे गाव लहान मुलांवर मनापासून माया करतं. हॉटेलात मूल रडलं तर कुणी कपाळाला आठ्या घालत नाही, वेटर येऊन त्याचा गाल ओढतो. मेअखेरीस साडेआठपर्यंत उजेड असतो आणि रात्री नऊ-साडेनऊलाही इथली मुलं चौकात चेंडू खेळत असतात. तेव्हा तुमची दुपारची झोप हा अडथळा नाहीच. सकाळी आठ-साडेआठला बाहेर पडा, एक वाजता घरी या, झोपा, पाचनंतर पुन्हा बाहेर. इथले लोकही उन्हाळ्यात असंच जगतात. त्यासाठी मुक्काम मध्यवस्तीत हवा. पँथिऑन (जुनं घुमटाचं रोमन देऊळ), कांपो दे फिओरी किंवा मोंती या भागांत छोटं घर मिळालं तर भाडं थोडं जास्त पडेल, पण दुपारी चालत घरी परतता येईल आणि सासूबाईंना स्वयंपाकघरही मिळेल. दूरचं स्वस्त हॉटेल घेतलंत तर दुपारची झोप बसमध्ये होईल.

दुसरं, पाणी. रस्तोरस्ती लोखंडी नळ दिसतील, त्यांना नासोनी म्हणतात. १८७४ पासून हे नळ आहेत आणि आज शहरात सुमारे अडीच हजार असतील. पाणी अखंड वाहतं, थंडगार आणि पिण्याजोगं. नळीच्या वरच्या बाजूला बारीकसं भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबून धरलं की त्या भोकातून पाण्याची कमान वर उडते आणि थेट तोंडात पिता येतं. पोरांना हे एकदा दाखवा, मग प्रत्येक नळाशी थांबावं लागेल. एक जादा टी-शर्ट पिशवीत असू द्या.

तिसरं, बस-मेट्रोत दहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मोठ्यांचं दीड युरोचं तिकीट शंभर मिनिटं चालतं. गर्दीच्या बसमध्ये, विशेषतः तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनाहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरमध्ये, पाकीट आणि पासपोर्ट जपा. मुलांकडे लक्ष असताना खिशाकडे लक्ष राहत नाही, आणि चोरांना ते बरोब्बर ठाऊक असतं.

तीन_पोरांचा_बाप

स्ट्रोलरबद्दल. रोमच्या जुन्या भागात रस्त्यांना काळ्या बसाल्टचे चौकोनी दगड बसवलेत, सांपिएत्रीनी. दगडांमध्ये फटी, वर-खाली पातळी. छत्रीसारखा मिटणारा, बारीक चाकांचा हलका स्ट्रोलर तिथे जात्यावर बसवल्यासारखा थरथरतो आणि पुढचं चाक दर फटीत अडकतं. मोठ्या चाकांचा असेल तरच न्या. साडेतीन वर्षांचं मूल आहे, तर पाठीवर बांधायचं कॅरियर मला जास्त सोयीचं वाटतं. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनावर लिफ्ट चालू असेल असं धरून चालू नका.

फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, तिथले रस्ते तर त्याहून वाईट. व्हिया साक्रा या तिथल्या जुन्या रस्त्याचे ते मोठे दगड सासूबाईंच्या गुडघ्यांनाही जड जातील. पायात चांगले बूट हवेत, चपला-सँडल नकोत.

रानपाखरू

तीन पोरं आणि रोम! तुम्हाला दंडवत.

तीन_पोरांचा_बाप

@रानपाखरू, दंडवत पोरांच्या आईला घाला, सगळा नकाशा तिच्या डोक्यात होता. मी हमाल.

खडूफळा

केतकीबन, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी खास लॉगिन केलं. मी शाळेत इतिहास आणि गणित शिकवते.

मुलांना इमारत दाखवू नका, इमारतीत शोधायला काहीतरी द्या. आपल्याकडे रोमन संख्याचिन्हं पाचवीच्या गणितात येतात. तुमची लेक तिसरीत जातेय, पण आय, व्ही, एक्स आणि एल ही चार अक्षरं तिला एका रविवारी शिकवता येतील. कोलोसियमच्या तळाला ८० कमानी होत्या. त्यांतल्या चार खास दरवाजे सोडले तर बाकीच्या ७६ कमानींवर आकडे कोरलेले होते, म्हणजे प्रेक्षकाने आपल्या दारातून आत शिरावं. बाहेरची मूळ भिंत जिथे शाबूत आहे तिथे २३ पासून ५४ पर्यंतचे आकडे आजही दिसतात. लेकीला ते शोधू दे. आणि गंमत अशी की ४४ च्या दारावर चाळीससाठी एक्सएल आहे, पण पुढचा चार मात्र चार उभ्या काठ्यांनी लिहिलाय. आपण पुस्तकात शिकवतो तसा व्हीच्या आधी आय लावलेला नाही. रोमन लोक दोन्ही पद्धती वापरत होते. मुलीने ते स्वतः हेरलं की तिला वाटेल आपण पुस्तकातली चूक पकडली. तो आनंद फार मोठा असतो हो!

धाकट्यासाठी प्राणी. पँथिऑनच्या मागच्या चौकात पाठीवर दगडी स्तंभ घेतलेला हत्ती आहे, शिल्पकार बेर्निनीच्या आराखड्यावरून १६६७ मध्ये बसवलेला. पियाझ्झा मात्तेईच्या कारंज्यावर कासवं पाणी प्यायला चढताहेत. पियाझ्झा बार्बेरिनीच्या कोपऱ्यावरच्या छोट्या कारंज्यावर मधमाश्या आहेत. आणि रोमच्या दंतकथेतल्या जुळ्या रोम्युलस-रेमसला दूध पाजणारी लांडगीण कापितोलिनी संग्रहालयात आहे. त्या जुळ्यांची गोष्ट निघण्याआधी रोज रात्री सांगा. लांडगिणीने बाळं सांभाळली हे साडेतीन वर्षांच्या मुलाला लगेच पटतं. एवढे प्राणी शोधायचे म्हटलं की अर्धं शहर पायी होतं आणि "कंटाळा आला" ऐकू येत नाही.

समई

खडूफळा, काय सुंदर लिहिलंत! आमच्या वेळी तुम्ही का नव्हता शाळेत?

तिबेरकाठी

+१. यात जिवंत प्राणीही घ्या. लार्गो दि तोर्रे अर्जेंतिनाला उघड्यावर चार जुन्या देवळांचे अवशेष आहेत आणि तिथे मांजरांचं आश्रयस्थान आहे. खांबांवर, पायऱ्यांवर मांजरं पसरलेली असतात. ज्या सभागृहात ज्युलियस सीझरचा खून झाला त्याचे अवशेषही तिथेच आहेत. माझ्या मुलाला बरेच दिवस वाटत होतं की सीझरला मांजरांनी मारलं.

घाटावरचा

वर कोलोसियमचे आकडे वगैरे ठीक. पण सात वर्षांच्या मुलीने विचारलं की इथे काय व्हायचं, तर काय सांगणार? माणसं माणसांना आणि जनावरांना मारायची आणि पन्नास हजार लोक टाळ्या पिटायचे? मला तर ती जागा बघून मोठेपणीही कसंतरी झालं. मुलांना असली जागा मौजेची म्हणून दाखवू नये, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

खडूफळा

@घाटावरचा, तुमचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मौजेची जागा म्हणून दाखवू नये, हे अगदी मान्य. पण म्हणून टाळू नये. सात वर्षांच्या मुलीला सांगता येतं की लढणारे बहुतेक गुलाम किंवा युद्धकैदी होते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तिला अन्याय कळतो, वर्गातल्या साध्या खेळातही कळतो. प्रत्येक लढतीत माणूस मरायचाच असंही नव्हतं. शिकवून तयार केलेला ग्लॅडिएटर मालकाला महाग पडायचा, त्यामुळे हरलेल्याला सोडूनही देत. आणि त्या जमिनीखालचे कप्पे, जनावरं दोरांनी वर ओढून झडपांतून एकदम मैदानात सोडायची यंत्रणा, हे सांगताना "किती हुशार माणसं" आणि "किती दुष्टपणा" दोन्ही एकाच वाक्यात येतं. मुलांच्या मनात दोन्ही राहू शकतं.

साडेतीन वर्षांच्याला मात्र "मोठ्ठं गोल घर" एवढं पुरे.

रानपाखरू

गडावर आपण कडेलोटाची जागा दाखवतोच की मुलांना. टकमक टोकावर उभं राहून माझ्या भाचीने विचारलं होतं, "आणि चूक नसली त्याची तर?" दादाला उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न तरी पडला.

केतकीबन

सगळ्यांचे खूप आभार. घाटावरचा, तुमचं म्हणणंही पोचलं, त्यावर नवऱ्याशी बोलणार आहे. कोलोसियमच्या तिकिटांचं कुणी सांगेल का? आणि सासूबाईंचं जेवण राहिलंच. त्या स्वतः "मी थेपले-चिवड्यावर राहीन" म्हणताहेत, पण तसं त्यांना ठेवायचं नाहीये मला.

चहाबाज

थेपले गुजरात्यांचे. माळकरी माणसाने दशम्या न्याव्यात.

नर्मदातीर

चहाबाज, दशम्या आठवडाभर टिकत नाहीत. दुधातल्या असतात. भाजणीचं पीठ आणि मेतकूट न्यावं. स्वयंपाकघर असेल तर मऊ भात, मेतकूट, तूप. पोरंही खातील.

मी एकाहत्तर वर्षांची आहे, लेकाकडे जर्मनीत राहून आले, तेव्हा नातवंडांबरोबर रोम पाहिलं. तुमच्या सासूबाईंसाठी एक जागा सांगते. पियाझ्झा नावोना म्हणून लांबट चौक आहे, पूर्वी तिथे धावायच्या शर्यतींचं मैदान होतं, म्हणून त्याचा आकार तसा. मधोमध बेर्निनीचं कारंजं आहे, १६५१ सालचं. त्यावर चार खंडांतल्या चार नद्या माणसांच्या रूपात बसवल्या आहेत : डॅन्यूब, नाईल, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. गंगेच्या हातात वल्हं आहे. मी हात जोडले तिथे. पण ती गंगामाई नाही, चांगला दाढीवाला पुरुष आहे! नातू म्हणाला, "आजी, गंगेला दाढी कशी?" रोमन लोक नद्यांना देव मानत, देवी नाही, हे त्याच्या आईने समजावलं. तरी पुढचे कितीतरी दिवस तो प्रत्येक नदीच्या पुलावर विचारायचा, ही दाढीवाली का?

समई

नर्मदातीर, _/\_ हे वाचून नावोना पुन्हा बघावासा वाटतोय. "लांबट चौक" एवढंच लक्षात होतं माझ्या.

तिबेरकाठी

नर्मदाताई, फार छान. आता जेवण.

केतकीबन, माळकरी माणसाची इथे अजिबात उपासमार होत नाही, फक्त चार गोष्टी माहीत हव्यात. वाळवलेला पास्ता, म्हणजे स्पगेत्ती, पेन्ने वगैरे, नुसत्या गव्हाच्या रव्याचा आणि पाण्याचा. ताज्या पास्त्यात, फेत्तुचीनेसारख्या, बहुतेक वेळा अंडं असतं. म्हणून सासूबाईंसाठी नेहमी वाळवलेला, वर टोमॅटोचा साधा सॉस, "अल पोमोदोरो". कार्बोनारात अंडंही आणि डुकराचं मांसही, त्याच्या वाटेला जाऊ नका. सुप्ली नावाचे भाताचे तळलेले गोळे काउंटरवर फार मोहक दिसतात, पण आत बऱ्याचदा मांसाचा सॉस असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका.

चीज हा नाजूक विषय. पेकोरिनो रोमानो आणि पार्मेसान दोन्ही कोकराच्या किंवा वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या रसाने, विरजतात. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी बेकरीतला पिझ्झा रोस्सा : पातळ कुरकुरीत पोळी, वर फक्त टोमॅटो आणि तेल, चीज नाहीच. किंवा पिझ्झा बियांका, नुसतं तेल-मीठ. ते चौकोनी कापून वजनावर विकतात, हातातल्या कागदात गुंडाळून. मुलांचं जेवण तर यावरच होतं. आणि मुलांना साधाच पास्ता हवा असेल तर "इन बियांको" मागा, लोणी किंवा तेल घालून आणून देतात. मेनूत नसलं तरी मुलासाठी म्हटलं की करून देतात.

तेर्मिनीजवळ पियाझ्झा व्हित्तोरियोच्या भागात एस्क्विलीनोचा झाकलेला बाजार आहे. तिथे बांगलादेशी आणि भारतीय दुकानदारांकडे कोथिंबीर, हिरवी मिरची, तूरडाळ, भेंडी सगळं मिळतं. घर भाड्याने घेतलंत तर पहिल्याच दिवशी तिथे चक्कर मारा. सासूबाईंनाही बाजार आवडेल.

रानपाखरू

अवांतर : रात्रीच्या जेवणाच्या वेळा कुणीच सांगितल्या नाहीत. साडेसातच्या आधी बहुतेक जागी स्वयंपाकघर उघडत नाही. मुलांना सहा वाजता भूक लागली तर जेलातो (तिथलं आइस्क्रीम) किंवा पिझ्झ्याचा तुकडा हाताशी हवा. शिवाय बाथरूम. सार्वजनिक स्वच्छतागृहं थोडीच आहेत. बारमध्ये (तिथे बार म्हणजे कॉफीचं दुकान) जायचं, उभ्याने एक कॉफी घ्यायची आणि मुलाला आत न्यायचं. त्या शहरात माझी कॉफी मुलांच्या शूच्या वेळापत्रकाने ठरत होती.

तीन_पोरांचा_बाप

कोलोसियमची तिकिटं : अधिकृत संकेतस्थळावर साधारण तीस दिवस आधी उघडतात. आता तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारात ओळखपत्र बघतात, म्हणून पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच नाव टाका. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट, पण त्यांचंही शून्य किमतीचं तिकीट काढावंच लागतं. सकाळची पहिली वेळ घ्या. मोठी बॅग आणि काचेची बाटली आत नेता येत नाही. त्याच तिकिटात फोरम आणि पॅलाटाईन टेकडी येते. फोरममध्ये सावली नाही, टेकडीवर झाडं आहेत. मुलं असतील तर आधी टेकडी, आणि फोरम वरूनच बघून घ्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण तेव्हाची गर्दी लहान मुलांना घेऊन नको.

घाटावरचा

व्हिसाचं विसरू नका. शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्रित व्हिसाला, मुलांचाही स्वतंत्र अर्ज लागतो. सहा वर्षांखाली फी नाही, सहा ते बाराला ४५ युरो, मोठ्यांना ९०. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. नवरा आधीच मिलानला असणार आणि तुम्ही मुलांना घेऊन एकट्या जाणार, तर वडिलांचं संमतिपत्र लागेल. अर्जासोबत जोडा आणि एक प्रत प्रवासातही जवळ ठेवा. मेअखेरीच्या तारखा असतील तर अपॉइंटमेंटसाठी आतापासून बघा, सुट्टीत सगळे एकदम धावतात.

केतकीबन

@घाटावरचा, हे संमतिपत्राचं डोक्यातच नव्हतं. मनापासून धन्यवाद.

चहाबाज

व्हॅटिकनबद्दल कुणी बोललंच नाही अजून.

समई

मी बोलते. साडेतीन वर्षांच्या मुलाला व्हॅटिकनच्या संग्रहालयांत नेऊ नये. सिस्टीन चॅपल पार शेवटी येतं, तोवर गर्दीसोबत एकाच दिशेने सरकत राहायचं आणि चॅपलमध्ये शांतता पाळायची. फोटो नाही, खाली बसणं नाही. मिकेलांजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं त्या छतावर चित्रकाम केलं. ते बघायला मोठ्यांना निवांतपणा हवा आणि मुलाला तिथे काहीच नाही. त्यापेक्षा सेंट पीटर्स बॅसिलिका, व्हॅटिकनचं भव्य चर्च. प्रवेश फुकट, सकाळी सातला उघडते, तेव्हा सुरक्षा तपासणीची रांगही लहान. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आत मुलाला मान वर करून फिरायला जागाच जागा आहे.

खडूफळा

समईताई, इथे मी थोडी वेगळी. सात वर्षांच्या मुलीला मात्र न्यावं. त्या संग्रहालयांत इजिप्तच्या दालनात खरीखुरी ममी आहे आणि पुढे नकाशांचं दालन लागतं. दोन्ही भिंतींवर इटलीच्या प्रांतांचे भव्य रंगीत नकाशे, १५८० च्या दशकातले. त्यांत जहाजं, समुद्रातले राक्षस, छोटी छोटी गावं. छत तर सोन्यात न्हालेलं. नकाशात समुद्रराक्षस शोधायला माझी मुलगी तिथून हलेना. कुटुंब दोन भागांत वाटून घ्या की! आई-लेक व्हॅटिकनला, बाबा, धाकटा आणि आजी बागेत. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायला हवं असा नियम थोडाच आहे.

तिबेरकाठी

+१००. बाबा-धाकटा-आजींसाठी व्हिला बोर्गेझे. छोट्या तळ्यात वल्हवायच्या होड्या आहेत, पायडल मारायच्या चारचाकी गाड्या भाड्याने मिळतात, सावली भरपूर. आणि जानीकोलो टेकडीवर रोज बरोबर दुपारी बारा वाजता तोफ उडते, १९०४ पासून तिथूनच. सैनिक येतात, तोफ ढकलून बाहेर काढतात, सगळी मुलं कठड्याला लटकून खाली बघत असतात, आणि धडाम! कानांवर हात ठेवायला आधीच सांगा.

सेंट पीटर्सच्या घुमटावर चढायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, सगळ्या मिळून ५५१ पायऱ्या. लिफ्ट गच्चीपर्यंत नेते, त्यानंतरही ३२० उरतात. शेवटी भिंत आत कलते आणि जिना इतका अरुंद होतो की मागे फिरता येत नाही. धाकट्याला घेऊन नाही.

रानपाखरू

पँथिऑनला पाऊस पडत असताना जा असं मी सांगेन! घुमटाच्या मध्यभागी उघडं भोक आहे, पाऊस सरळ आत पडतो आणि जमिनीतल्या बारक्या छिद्रांतून वाहून जातो. जमिनीला किंचित उतार आहे त्यासाठी. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही ४३ मीटरच्या आसपास, म्हणजे आत एक प्रचंड चेंडू बरोबर बसेल. मुलांना हे चेंडूचं सांगितलं की ती तो चेंडू डोळ्यांनी बसवून बघतात. १८ खालच्यांना इथेही फुकट.

मेअखेर पाऊस क्वचित, पण आला तर घरी बसू नका, पँथिऑनकडे पळा.

तीन_पोरांचा_बाप

आणि एक राहिलं. मुलांना मोकळं पळायला द्यायचं असेल तर ओस्तिया आंतिका. रोमचं जुनं बंदर, पिरामिदे मेट्रोशेजारच्या स्टेशनातून लोकल जाते, शहरातलंच तिकीट चालतं. अख्खं गावच्या गाव, रस्ते, घरं, नाट्यगृह, दुकानांच्या दारात काळ्या-पांढऱ्या मोझॅइकमध्ये जहाजं आणि मासे. गर्दी नाही, पाइनची सावली. आणि सार्वजनिक शौचालय : संगमरवरी बाकावर ओळीने भोकं, मध्ये आडपडदा काही नाही. रोमन लोक शेजारी-शेजारी बसून गप्पा मारायचे. माझ्या तिन्ही पोरांना आख्ख्या इटलीतली ही सर्वोत्तम वास्तू वाटते. मिकेलांजेलो दुसरा.

नर्मदातीर

पुरे करा आता, इथे जेवता जेवता वाचतात माणसं.

घाटावरचा

ओस्तिया खरंच चांगलं दिसतंय. माझं मूळ मत तेच आहे, की सगळ्यांना परवडणारी ही गोष्ट नाही आणि थांबण्यात काही बिघडत नाही. पण जायचंच असेल तर वर लिहिलंय तसंच जावं.

केतकीबन

दोन रात्री बसून आराखडा केला. कांपो दे फिओरीजवळ दुसऱ्या मजल्यावर घर बघितलंय, लिफ्ट आहे. शनिवारी पोचल्यावर फक्त एस्क्विलीनोचा बाजार, संध्याकाळी नावोना आणि गंगा (सासूबाईंना सांगितलं, त्या आत्तापासून वाट बघताहेत). रविवारी पहाटे सेंट पीटर्स, मग तोफ. सोमवारी ओस्तिया. मंगळवारी कोलोसियम, पहिली वेळ, नवरा आणि मी लेकीशी आधी बोलून घेणार आहोत. बुधवारी लेक आणि मी व्हॅटिकन संग्रहालय, बाकीचे बोर्गेझे. गुरुवार पूर्ण मोकळा, हत्ती, कासवं, मधमाश्या आणि मांजरं. रोम्युलस-रेमसची गोष्ट चालू झालीय. धाकट्याने काल विचारलं, लांडगीण मराठी बोलायची का. लेक घरातल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी राहून आकडे लिहितेय, आणि त्या घड्याळातही चारच्या जागी चार काठ्या आहेत, हे तिनेच शोधलं!

खडूफळा

झालं! आता कोलोसियमवर ती तुम्हालाच शिकवेल.

तिबेरकाठी

आराखडा छान, तीन दुरुस्त्या. ओस्तिया आंतिका सोमवारी बंद असतं. आणि बुधवारी सकाळी पोपमहाशय रोममध्ये असले की चौकात त्यांची जाहीर भेट असते, त्यामुळे व्हॅटिकनच्या भागात तोबा गर्दी. एस्क्विलीनोचा बाजारही शनिवारी दुपारनंतर आवरायला लागतो आणि रविवारी बंद, तेव्हा विमान उशिरा पोचणार असेल तर भाज्या सोमवारी आणा.

केतकीबन

बरं झालं विचारलं. मग सोमवारी प्राणी, मंगळवारी कोलोसियम तसंच, बुधवारी ओस्तिया, गुरुवारी व्हॅटिकन आणि बोर्गेझे. विमान शनिवारी दुपारी तीनला उतरतंय, तेव्हा पहिल्या रात्री नर्मदाताईंचं मेतकूट-भात. तांदूळ पुण्याहूनच नेते.